बिघडलेली मुलगी ओळखायची सोपी रीत

एका मालिकेवर विश्वास ठेवून मी एका चांगल्या पोरीचं शिक्षण मोडलं. फार कष्ट पडले नाहीत. एक फोन केला, बस. फोन ठेवल्यावर मिसरीची डबी काढली, बोटावर घेऊन दातांना चोळली, आणि आपण केवढी मोठी कामगिरी केली म्हणून आरशात स्वतःकडं बघितलंसुद्धा. आता ते आठवलं की आरशातल्या त्या बाईच्या तोंडात मारावीशी वाटते. पण तोंड माझंच, आणि दात आधीच हलतात.

मी तेव्हा लातूरला राहत होते. घर नांदेडला. नोकरी सगळी भोकरकडच्या खेड्यांत, जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तरीण म्हणून. नोकरीत असताना दरवर्षी व्यसनमुक्तीवरचं भाषण माझ्याकडंच असायचं. आवाज मोठा होता आणि लाज कमी होती. तेव्हाची मी डोळ्यांपुढं येते: इस्त्रीची साडी, हातात कागद, समोर उन्हात बसलेली पोरं, आणि गालाच्या कोपऱ्यात सकाळची मिसरी. भाषण संपलं की शाळेमागं जाऊन थुंकायची. तंबाखू भाजून केलेली ही वस्तू व्यसनात मोडते हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. व्यसन दुसऱ्याला असतं. आपल्याला सवय असते.

तर लातूर. नात दहावीला चांगल्या मार्कांनी निघाली आणि डॉक्टर करायचं ठरलं. कुणी ठरवलं, हे विचारू नका; आमच्याकडं पोरीला मार्क पडले की ते आपोआप ठरतं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीचे. सोबत कुणी राहायचं, असा प्रश्न निघाला आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. लातुरात क्लासच्या भागात अशा आज्या घरोघरी ठेवलेल्या असतात. एक खोली, एक गॅस, एक नातवंड, एक आजी. आमच्याच इमारतीत अहमदपूरची एक होती, उदगीरची एक होती. पोरं क्लासला गेली की आम्ही जिन्यात बसून मेथी निवडायचो आणि रविवारच्या टेस्टमध्ये कुणाचं पोर कितवं आलं ते काढायचो. स्वतःच्या सुनांबद्दल बोलणं संपलं की तेवढाच विषय उरायचा.

नात गुणी. दोन वेण्या, तेल लावलेलं डोकं, देवाला हात जोडून बाहेर पडणार. तिला एकच मोकळीक होती: रात्रीच्या जेवणाला मोबाइलवर मालिकेचा एक भाग. स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवायचा आणि आम्ही दोघी एका चटईवर बसून बघायचो. मालिका शाळकरी पोरांची. शाळा डोंगरात, एवढी मोठी की भोकरचा आठवडी बाजार आत बसावा. एवढ्या मोठ्या शाळेत अभ्यास करताना मात्र कुणी दिसायचं नाही. त्यात एक पोरगी नशेला लागते. नशा करायची वेळ आली की दिवे निळे व्हायचे. मागं गाणं सुरू व्हायचं. पोरगी काजळ पसरलेल्या डोळ्यांनी आरशात बघायची, फुलदाणी फोडायची, आईला इंग्रजीत ओरडायची. आणि तिला बिघडवणारी एक मैत्रीण. ती मैत्रीण पहिल्याच भागात मी ओळखली. केस कापलेले, अंगात काळं, कानात वायर, हसणं मोठं.

मी जेवता जेवता बोट दाखवायचे. "बघ. ही बया घरात आली तेव्हाच मी म्हटलं होतं."

"आजी, ती अजून काहीच बोलली नाही."

"बोलायला कशाला पाहिजे? केस बघ."

आणि केसांवरून माणूस ओळखायची ही विद्या मी त्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर शिकले. सहासष्टाव्या वर्षी. तीस वर्षं शाळेत पोरं बघून जी अक्कल आली होती ती सगळी बाजूला ठेवून.

एका भागात त्या नशेवाल्या पोरीचा बाप विमानातून येतो, तिला मिठी मारतो, दोघं रडतात. पुढच्या भागात पोरगी स्नेहसंमेलनात पांढरा ड्रेस घालून नाचते. नातीनं घास हातातच धरला होता.

"आजी, एवढ्यात सुटतं?"

"मालिकेत सुटतं. सोमवारपर्यंत."

ती हसली नाही. मी माझ्याच विनोदावर हसले आणि तिला अजून एक भाकरी वाढली. ती नको म्हणाली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी चटईवर तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

आता ती दुसरी पोरगी. आमच्या वरच्या खोलीत राहायची, लातूरजवळच्या मुरुडची. बाप टेम्पो चालवायचा, आई शेतात मजुरीला जायची. क्लासमध्ये नातीच्याच बाकावर. केस पोरासारखे बारीक. काळा टी-शर्ट. कानात वायर. आणि हसायला लागली की जिना हलायचा. दुपारी बघावं तर भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची. माझ्या मालिकेतून उतरून थेट लातुरात राहायला आली होती म्हणा ना.

एकदा मी तिला विचारलं, "केस कुठं गेले गं तुझे?"

"विकले, आजी. गंगावन करून बाया घालू लागल्यात. तुम्हाला एक ठेवू का?"

"मला उलट उत्तर देती का?"

"न्हाई आजी. नळाला पाणी कधी येतं तुम्हाला माहीतच हाय. केस धुवायचं का प्यायचं, ह्यात केस हरले."

लातुरात राहिलेल्या बाईला हे उत्तर पटायला हवं होतं. मी स्वतः भाजी धुतलेलं पाणी फरशीला वापरत होते. पण मला तिचं उत्तर पटलं नाही, मला तिचं हसणं दिसलं. आणि आणखी एक सांगून टाकते, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. तिच्या टेबलावर पुस्तकांच्या बाजूला बुद्धाची छोटी मूर्ती होती. मी काही तिचा कप वेगळा ठेवत नव्हते. एवढी मी सुधारलेली होते आणि त्याचा मला गर्वही होता. पण घरात वाईट बाहेरून येतं असं मालिकेनं सांगितलं, तेव्हा बाहेरचं कोण हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ते मी शेतीवाडीच्या घरातून सोबतच घेऊन आले होते.

थंडीत नातीला खोकला झाला. डॉक्टरनं पातळ औषध लिहून दिलं. रात्री दोन चमचे. खोकला गेला, पण परत परत येत राहिला. म्हणजे ती तसं म्हणायची. मी रिकामी बाटली पिशवीत घालून औषधाच्या दुकानात जायची. पोरं गेली तर दुकानदार चिठ्ठी मागायचे. माझ्याकडं कुणी मागितली नाही. पांढरे केस, डोक्यावर पदर, हातात बाटली. आजीला कशाला चिठ्ठी. नात म्हणायची, "आजी, आज त्या दुकानात नको जाऊस, चौकातल्या दुकानात जा, तिथं नक्की असतं." मला वाटायचं, पोरीला माझ्या पायांची काळजी. चौकातलं दुकान लांब होतं, हे मात्र माझ्या ध्यानात येत नव्हतं.

कधी औषध संपलेलं असलं की दुसऱ्या दिवशी तिचं नाक गळायचं. जांभयांवर जांभया. अंगावर काटा यायचा, पोटात कळा. मी म्हणायचे, सर्दी भरली, आणि बाटली आणून स्वतःच्या हातानं दोन चमचे पाजायचे. थोड्या वेळात पोरगी शांत. कपाळावर हात ठेवला की थंडगार. जिन्यात बसून मी त्या औषधाची कीर्ती सांगितली आहे. उदगीरच्या आजीला मी बाटलीसुद्धा दाखवली. पोट साफ होत नाही म्हणाली तर एरंडेल दिलं. अंग खाजतं म्हणाली तर खोबरेल लावलं. नातीच्या अंगाला जे जे झालं त्याच्यावर माझ्याकडं इलाज होता. फक्त काय झालं हे मला माहीत नव्हतं.

एका दुपारी मी भांडी घेऊन मजल्यावरच्या सामाईक मोरीकडं गेले. मुरुडची पोरगी तिथं पाठमोरी उभी होती. एका हातात आमची बाटली, दुसरा हात तोंडावर. बाटली तिरपी. काळा टी-शर्ट, बारीक केस, कानात वायर. मालिकेत हा प्रसंग मी बघितलेला होता. निळे दिवे तेवढे नव्हते.

"काय चाललंय गं?"

ती वळली. तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नात मागं येऊन उभी राहिली आणि तिनं मैत्रिणीकडं बघितलं. मुरुडच्या पोरीचं तोंड मिटलं. बाटली तिनं मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. रिकामी होती.

मी नातीला विचारलं, "तुझं औषध ही पिती का?"

नात काही बोलली नाही. मी त्याचा अर्थ हो असा घेतला. माझी अक्कल बघा: तीच बाटली, तेच औषध. माझ्या नातीच्या तोंडात गेलं तर इलाज, त्या पोरीच्या तोंडात गेलं तर नशा. एवढा स्वच्छ विचार करून मी घरमालकिणीकडून तिच्या बापाचा नंबर घेतला.

बाप दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आला. ओरडला नाही, मारलं नाही. तिची गादी, पुस्तकं, बादली गाडीत भरली. मग माझ्या दाराशी येऊन हात जोडले.

"माय, तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. आमच्या घरात कुणाला ह्यातलं काही कळत न्हाई."

"पोरीचे केस बघूनच मला शंका आली होती," मी म्हटलं. हे वाक्य मी खरंच म्हटलं. "वेळेवर नेताय हे बरं. घरी राहिली की सुधरेल."

पोरगी टेम्पोत पुढं बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आमच्या बंद दाराकडं. दाराच्या आत माझी नात होती. "येते आजी," म्हणाली. हसली नाही. जिना त्या दिवशी हलला नाही, आणि नंतर कधीच नाही.

पुढं फार दिवस लागले नाहीत. नात क्लासमध्येच बाकावरून कोसळली. मी धावत गेले. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या सुनेपेक्षा लहान. तिनं नातीच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. नातीच्या दप्तरातून निघालेली बाटली तिच्या टेबलावर होती.

"हे खोकल्याचं औषध घरात कोण आणतं?"

"मी," मी म्हटलं. "मीच आणते. वेळच्या वेळी देतेसुद्धा." शाबासकी मिळेल अशा आवाजात म्हटलं.

डॉक्टरणीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची सरकवली आणि म्हणाली, "आजी, बसा तुम्ही." मग सगळं सांगितलं. त्या औषधात अफूच्या जातीचं द्रव्य असतं, आणि खोकल्यासाठी ते पहिले काही दिवसच होतं. नंतर पोरगी ते पेपरच्या भीतीसाठी घेत होती, दोन चमच्यांवर थांबत नव्हती, आणि मिळालं नाही की शरीर मागत होतं. ती सर्दी नव्हती.

नांदेडला आणलं. तिथं एका दवाखान्यात तिला ठेवलं. मुलगा मला फक्त एकदा बोलला. जिन्यात, चप्पल घालता घालता. "आई, तुला त्याच्याचसाठी ठेवलं होतं ना तिथं?" सून माझ्यासमोर डबा भरायची, आणि चहा झाला का विचारायची, आणि त्याच्यापलीकडं काही नाही.

त्या दवाखान्यात खाटेशेजारी बसून मी जे बघितलं ते कुठल्या मालिकेत येत नाही. येणारही नाही, कारण ते बघायला सुंदर नाही. पोरगी फुलदाण्या फोडत नव्हती. तिला हगवण लागली होती. नाक पुसून पुसून लाल झालं होतं. पाय एका जागी राहत नव्हते, गादीवर घासत होते. ती मला शिव्या देत नव्हती, हळू आवाजात म्हणत होती, "आजी, दोनच चमचे दे ना. दोनच." माझ्याच आवाजात, मी ज्या लाडानं विचारायचे त्याच लाडानं. त्यावर कुणी गाणं लावावं. बाप विमानातून नाही, रिक्षातून आला, मिठी मारली, दुसऱ्या दिवशी पोरगी तशीच होती. सोमवार आला, गेला. असे कितीतरी सोमवार गेले.

मला त्या मालिका करणाऱ्यांचा राग येतो. म्हाताऱ्या बाईचा राग म्हणून सोडून द्यायचा असेल तर द्या. त्यांनी नशेला एक वेश दिला. काळे कपडे, काजळ, निळा दिवा. तेवढं नसलं की आपल्या घरात नशा नाही, असं आम्हाला शिकवलं. तेल लावलेल्या दोन वेण्या त्यांच्या नशेत कधी दिसल्या नाहीत. हिंगाच्या डबीशेजारी ठेवलेली बाटली दिसली नाही. आणि ती आणून देणारी आजी तर नाहीच नाही. आजी त्यांच्याकडं देवापुढं दिवा लावते आणि शेवटच्या भागात रडते. पण त्यांच्यावर सगळं ढकलून मी सुटत नाही. मालिका तर हजारो घरांत लागली. टेम्पो एकाच पोरीसाठी आला.

नात थोडी सावरल्यावर एका दुपारी आपणहून बोलली.

"ती माझ्या बाटल्या ओतून टाकायची, आजी. वास सहन व्हायचा नाही म्हणून तोंडावर हात धरून. मी लई भांडायचे तिच्याशी. आजीला सांगते म्हणाली, तर मी तिला शपथ घातली."

"मग तिचा बाप आला तेव्हा तू बाहेर का नाही आलीस?"

"बाहेर आले असते तर बाटली बंद झाली असती."

तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी तिला रागावले नाही. मला कुणाला रागवायची सोय राहिली नव्हती. घरी जाऊन मिसरीची डबी कचऱ्यात टाकली. संध्याकाळी कचऱ्यातून काढली. तेव्हा कुठं मला कळलं की पोरगी गादीवर पाय का घासत होती. मग पुन्हा टाकली. हे किती वेळा झालं ते सांगत नाही. अजून संपलेलं नाही.

नात घरी आल्यावर मी मुरुडला गेले, एकटी. एकच मागायला: त्या पोरीला पुन्हा लातूरला पाठवा. वर्ष गेलं तर गेलं, पुढचं धरा. बापानं खुर्ची पुसून दिली. आईनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. औषध मी आणत होते, पीत माझी नात होती, तुमची पोरगी ओतत होती. मी चुकले. पोरगी आतल्या दाराशी उभी होती. तिचे केस मानेपर्यंत वाढले होते.

बापानं सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले. तसेच, त्या दिवशीसारखे.

"माय, तुमचं मन मोठं हाय. पोरीवरचा डाग पुसायला तुम्ही स्वतःच्या नातीवर घेऊ लागल्या. पण आता ती बरी हाय. बघा, केस वाढू लागलेत. तुम्हीच म्हणाला होता, केसांवरून कळतं."

मी परत सांगितलं. तो मान हलवत राहिला, लहान मुलाचं बोलणं ऐकून घ्यावं तसा. मी खोटं बोलले तेव्हा त्यानं एका फोनवर विश्वास ठेवला होता. खरं बोलायला घरापर्यंत आले तर त्याला ते माझं चांगलं मन वाटलं. "लातूरचं नाव आता काढू नका, माय," म्हणाला. "इथंच कॉलेज हाय. आमच्या डोळ्यांसमोर राहील."

मला एसटीपर्यंत सोडायला पोरगी आली. तिची आई थोडं अंतर ठेवून मागं चालत होती. पोरीला आता एकटीला कुठं सोडत नाहीत. कानात वायर नव्हती. फोन काढून घेतला असणार. मी तिला नातीची खुशाली सांगितली. ती "बरं झालं" म्हणाली, आणि खरंच बरं वाटल्यासारखी म्हणाली. गाडी समोर दिसू लागली तेव्हा मी विचारलं, "तू तेव्हा बोलली का नाहीस गं? मोरीपाशी एक शब्द बोलली असतीस तर."

तिनं माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मागं आईकडं बघितलं. मग म्हणाली,

"आजी, मोरीत बाटली ओतताना तुम्ही मागं उभ्या दिसल्या ना, तेव्हा मला लई बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटले बाई, आता आजीला कळलं."